पेशा निवडताना विचारायचे राहून जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रात घराघरांत एकाच धर्तीची बोलणी सुरू होतात. किती टक्के पडले, सीईटीला पर्सेंटाइल किती, मागच्या वर्षी कटऑफ कितीवर थांबला, कशाला ‘स्कोप’ आहे, पॅकेज किती. मामा, शेजारी, क्लासचे सर, सगळे आपापलं मत देतात. ज्या मुलीसाठी किंवा मुलासाठी हे सगळं चाललेलं असतं, त्यांना पुढची पस्तीस वर्षं रोज उठून काय करावं लागणार आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. कुठे बसावं लागेल, कुणाशी बोलावं लागेल, हातात काय असेल, चूक झाली तर कुणाचं नुकसान होईल? प्रवेशाची माहिती आता भरपूर मिळते. कामाची माहिती मिळत नाही, आणि माझ्या मते आपल्या मुलांची सर्वांत मोठी फसगत तिथेच होते.

राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू केली आणि ती काही वर्षं चालली. हेतू चांगला होता. पण त्या चाचणीतून हाती यायचं ते क्षेत्राचं नाव: वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा. क्षेत्र कळलं म्हणून काम कळत नाही. आरोग्याचंच बघा. रात्रपाळीत अख्खा वॉर्ड सांभाळणारी परिचारिका, दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघणारा आणि रुग्णाचं तोंडही क्वचित दिसणारा पॅथॉलॉजिस्ट, अर्धांगवायूच्या रुग्णाला महिनोन्‌महिने एकेक पाऊल टाकायला लावणारी फिजिओथेरपिस्ट ही तिघं एकाच क्षेत्रात मोडतात. एकाच्या स्वभावाला जे मानवेल, त्यात दुसऱ्याचा जीव गुदमरेल.

महाराष्ट्रात ज्या नोकऱ्यांसाठी प्रचंड झुंबड उडते, त्यांतल्या एकीपासून सुरुवात करू. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्ज भरणाऱ्यांपैकी किती जणांनी आधी एखाद्या सज्जाच्या कार्यालयात दिवसभर बसून पाहिलं असेल? तलाठ्याचं काम म्हणजे सात-बारा काढून देणं, एवढीच बहुतेकांची समजूत असते. खरं काम फेरफाराच्या नोंदवहीत असतं. गावात कुणी वारलं की वारस नोंदीचा अर्ज येतो. कोण वारस आहेत याची चौकशी करायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात किंवा रद्द करतात. हरकत आली तर सुनावणी आणि त्यावर प्रांताकडे अपील. ऐकायला कोरडं वाटतं. पण त्या अर्जामागे बहुधा दोन भाऊ आणि लग्न होऊन गेलेली एक बहीण असते आणि भावांनी दिलेल्या यादीत बहिणीचं नाव नसतं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तो हक्क गावात पोचतो की नाही, हे यादी समोर आल्यावर ‘बहिणीचं नाव कुठे आहे?’ असं विचारणारा माणूस खुर्चीत आहे का, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

मग गारपीट होते. कृषी सहायक आणि ग्रामसेवकाबरोबर बांधाबांधाने फिरून पंचनामे करायचे. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत, असा निकष आहे. ज्याचं नुकसान तिशीच्या घरात भरतं, त्याच्या शेतात उभं राहून त्याच्या तोंडावर तसं लिहायचं हे तलाठ्याच्या वाट्याला येतं. रात्री वाळूच्या गाड्या अडवायला जावं लागतं, आणि त्यात महसूल कर्मचाऱ्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण वाचत असतो. निवडणुका, वेगवेगळे सर्वे, ई-पीक पाहणीत अडलेल्या शेतकऱ्याला मोबाइलवर नोंद करून देणं हे आणखी वेगळं. ज्याला फिरायला, माणसांचं ऐकून घ्यायला आणि तरीही कागद चोख ठेवायला आवडतं, त्याच्यासाठी हे फार मोलाचं काम आहे. केवळ नोकरी कायमची आहे म्हणून जो इथे येतो, तो स्वतः कंटाळतो आणि गावाला खेटे घालायला लावतो.

राज्यसेवेत तर ही गल्लत आणखी ठळक दिसते. एकच पूर्वपरीक्षा, एकच मुख्य परीक्षा, एकच मुलाखत, आणि मग पदांचा पसंतीक्रम. उमेदवार तो प्रतिष्ठेच्या उतरंडीने भरतात: आधी उपजिल्हाधिकारी, मग पोलीस उपअधीक्षक, मग तहसीलदार आणि खाली बाकीची पदं. पण या कामांचं एकमेकांशी साम्य किती? उपजिल्हाधिकारी प्रांत म्हणून बसला की आठवड्यातला मोठा वेळ सुनावण्यांत जातो: जमिनीची अपिलं, भूसंपादनाचे मोबदले, जातीचे दाखले. ते जवळजवळ न्यायाधीशाचं काम आहे. गटविकास अधिकारी घरकुलं, रोजगार हमी आणि सरपंच यांच्यात असतो. त्याला दिवसातून शंभर वेळा ‘निधी कधी येणार’ याचं उत्तर द्यावं लागतं. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याला पहाटे पाणी सुटलं नाही की फोन येतो. वित्त व लेखा सेवेतला अधिकारी बिलं, आक्षेप आणि लेखापरीक्षणाच्या परिच्छेदांत रमणारा असावा लागतो. पोलीस उपअधीक्षकाचा तर सणवारच बंदोबस्तात जातो. एखाद्या शांत, वाचनप्रिय मुलीला चांगले गुण पडले म्हणून ती वरच्या क्रमांकाचं पद घेते आणि दहा वर्षांनी तिला वाटतं, आपण लेखा सेवेत जास्त चांगलं काम केलं असतं. पसंतीक्रम हा पूर्णपणे उमेदवाराच्या हातातला निर्णय आहे, म्हणून इथली चूक जास्त बोचते.

इथेच एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत परीक्षा देता येते. ही सवलत ग्रामीण मुलांसाठी गरजेची आहे, हे खरं. पण पुण्यात सदाशिव पेठेच्या आसपासच्या अभ्यासिकांमध्ये तिशी ओलांडलेली जी मुलं दिसतात, त्यांच्यातल्या अनेकांकडे इतर कुठल्याच कामाचा एक दिवसाचाही अनुभव नसतो. तयारी करावी, पण तीन प्रयत्नांनंतर काय, हे पहिल्या प्रयत्नाआधी ठरवून ठेवावं. हे सांगणारे क्लास फार थोडे आहेत.

वकिलीकडे वळू. तिच्याविषयीचे गैरसमज चित्रपटांनी पोसले आहेत. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात वकिलाचा दिवस सकाळी बोर्ड बघण्याने सुरू होतो: आज आपल्या किती तारखा, कुठल्या कोर्टात, कितव्या क्रमांकावर. अकराला पुकारे सुरू होतात. एकाच वेळी दोन कोर्टांत नाव पुकारलं जातं, म्हणून ज्युनिअरला एकीकडे उभं करून स्वतः दुसरीकडे पळायचं. साक्षीदार आलेला नसतो, समोरच्या वकिलाचा मुदतीचा अर्ज असतो, पुढची तारीख पडते. जोरदार युक्तिवाद आणि उलटतपासणी ही वकिलीची खरी परीक्षा असली, तरी वेळेच्या हिशेबाने तो भाग लहान आहे. मोठा भाग लिहिण्याचा: दावा, कैफियत, अर्ज, नोटीस. त्याहून मोठा भाग ऐकण्याचा. संध्याकाळी ऑफिसात अशील येतो आणि तासभर रागाने, रडत, फाटे फोडत बोलतो. त्यातून कायद्याला लागणाऱ्या चार ओळी वेगळ्या काढायच्या असतात. ज्याला हे ऐकणं नकोसं वाटतं त्याने या पेशात येऊ नये, इतकं ते महत्त्वाचं आहे.

अभ्यास संपत नाही, हेही लक्षात घ्यावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रियेचा आणि पुराव्याचा कायदाही बदलला. वीस-तीस वर्षं वकिली केलेल्यांनाही तोंडपाठ असलेली कलमं पुन्हा शिकावी लागली. आणि पैसा? पदवी, सनद, अखिल भारतीय बार परीक्षा एवढं झाल्यावर सुरू होतो तो ज्युनिअरशिपचा काळ. वरिष्ठाच्या ऑफिसात ज्युनिअरला अनेकदा प्रवासखर्चापुरतेच पैसे मिळतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. शिफारस बंधनकारक नाही आणि ती पाळली जाते असं चित्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. निर्णय योग्यच आहे, कारण कोर्टाची पायरी न चढलेल्या माणसाने न्यायदान करू नये. पण ज्याच्या घरून तीन वर्षं पैसे येऊ शकत नाहीत, त्या हुशार मुलाचं काय, याचं उत्तर बार कौन्सिलांनी आणि राज्य सरकारने द्यायला हवं.

सनदी लेखापालाच्या पेशात शिकाऊपणाची सोय जास्त नीट बांधलेली आहे. फाउंडेशन, इंटरमिजिएट, फायनल या तीन पायऱ्या आणि मध्ये आर्टिकलशिप. ती आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. आर्टिकल म्हणून पहिल्या महिन्यात व्हाउचर तपासायची, बँकेची पासबुकं जुळवायची, अशिलाच्या गोदामात जाऊन माल मोजायचा. या पेशाचं वर्ष पंचांगासारखं ठरलेलं आहे: एप्रिलमध्ये बँक शाखांचं ऑडिट, जुलैत विवरणपत्रं, सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिट, शिवाय दर महिन्याला जीएसटी. मुदतीच्या आठवड्यात घरी जेवायला जायचा प्रश्नच नसतो, आणि बऱ्याचदा गणपतीही त्यातच येतात. पण पेशाचा गाभा आकडेमोडीत नाही. ताळेबंदाखाली केलेल्या सहीत आहे. त्या सहीवर बँक कर्ज देते, गुंतवणूकदार पैसे ठेवतो. अशीलच फी देणारा आणि त्याच्याच हिशेबाविषयी खरं लिहायचं, ही या पेशातली रोजची ओढाताण आहे. ‘नाही, एवढं मी सही करून देणार नाही’ असं वर्षानुवर्षांच्या अशिलाला सांगता येईल का, हे पेपरांत तपासलं जात नाही आणि पुढे तेच सगळ्यात जास्त कामाला येतं.

आपल्या नावावर येणाऱ्या जबाबदारीचा हाच प्रश्न औषधनिर्माणशास्त्रातही आहे. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कुणी औषध देऊ नये, असं १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो. प्रत्यक्षात पदविका घेऊन प्रमाणपत्र दुकानाला भाड्याने द्यायचं आणि आपण दुसरीकडे नोकरी करायची, असा प्रकार चालतो. त्या दुकानात चुकीचं औषध दिलं गेलं तर जबाबदारी भिंतीवर ज्याचं प्रमाणपत्र लटकतं त्याची असते. हा मार्ग दाखवणाऱ्यांपासून मुलांनी लांब राहावं.

डॉक्टरकीचं आकर्षण सांगायला नको. २०२४ मध्ये नीट दिलेल्यांची संख्या २३ लाखांच्या वर होती, आणि एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून लाखाच्या थोड्याच वर. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी महाविद्यालयातून शिकलं तर बंधपत्राचं एक वर्ष, मग पदव्युत्तर तीन वर्षं. म्हणजे स्वतःच्या पायावर नीट उभं राहीपर्यंत तिशी येते. निवासी डॉक्टरचं पहिलं वर्ष रक्ताचे नमुने घेण्यात, अहवालांच्या मागे धावण्यात, डिस्चार्ज कार्डं लिहिण्यात आणि जागरणात जातं. प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेमणूक झाली तर बाह्यरुग्ण विभागाबरोबर लसीकरणाच्या बैठका, साथीचे अहवाल आणि शवविच्छेदनंही असतात, आणि त्या शवविच्छेदनाची साक्ष द्यायला काही वर्षांनी न्यायालयातून समन्स येतं. बारावीच्या मुलाला यातलं काही माहीत नसतं. तरीही ज्याला माणसाच्या दुखण्याविषयी खरी आस्था आहे, त्याला हे सगळं पेलतं.

परिचर्येबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्या समाजाने या पेशाला जी वागणूक दिली आहे ती लाजिरवाणी आहे. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम. डॉक्टर फेरीला येतात आणि जातात. त्या दोन फेऱ्यांमधला सगळा वेळ रुग्ण परिचारिकेच्या हाती असतो. पाळी बदलताना आधीची सिस्टर पुढचीला खाटेखाटेपाशी नेऊन सांगते: याची लघवी किती झाली, याला ताप कधी आला, हिचं सलाइन किती वाजता संपेल. औषध देताना पाच गोष्टी जुळवायच्या असतात: रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, मार्ग तोच, वेळ तीच. पहाटे चारला, सलग तिसऱ्या रात्रपाळीत, सोळाव्या खाटेपाशी हे पाचही बरोबर जुळवणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. रुग्ण ढासळतोय हे बहुतेक वेळा आधी तिच्याच लक्षात येतं, आणि डॉक्टरला उठवायचं की नाही हे ती ठरवते. त्याबरोबर पाठदुखी, पायांच्या फुगलेल्या शिरा, नातेवाइकांच्या शिव्या हेही आलंच. आज जगाला या हातांची गरज आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात आरोग्यसेवेचा भाग मोठा आहे. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळायला जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत यावी लागते, म्हणजे वर्ष-दीड वर्षाचा कसून अभ्यास. जायला हरकत नाही. पण परदेशी जाणाऱ्या परिचारिकेचा सत्कार करणाऱ्या गावाने आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरशी आधी नीट बोलायला शिकावं.

प्रतिष्ठेच्या याच उतरंडीने आयटीआयचंही नुकसान केलं आहे. ‘काही जमलं नाही म्हणून आयटीआय’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. सातपूर, वाळूज, चाकण, शिरोली इथल्या कारखान्यांत जाऊन बघा. सीएनसी यंत्रावर जॉब लावून बटण दाबणारा ऑपरेटर आणि त्या यंत्राचं सेटिंग करणारा सेटर यांच्या कामात मोठं अंतर आहे. ड्रॉइंगवर माप दिलेलं असतं आणि त्यात दहा-वीस मायक्रॉनची सूट असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कापणाऱ्या इन्सर्टची धार झिजत जाते तसं माप सरकतं. सेटर मायक्रोमीटर लावून ते ओळखतो, ऑफसेट बदलतो, आणि आवाजावरूनच त्याला कळतं की टूल आता टिकणार नाही. ही समज यायला वर्षं लागतात आणि ती असलेल्या माणसाला कारखाना सहजासहजी सोडत नाही. वाईट बाजूही सांगतो. अनेक मुलं ॲप्रेंटिसशिप झाल्यावर वर्षानुवर्षं कंत्राटदाराच्या हजेरीपत्रकावरच राहतात आणि आठ तास फक्त जॉब चढव-उतरव करतात. म्हणून पहिल्या दोन वर्षांत पगारापेक्षा ‘मला सेटिंगवर कोण शिकवेल?’ हा प्रश्न महत्त्वाचा. फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. इतक्या कमी खर्चात हाताला एवढं पक्कं कौशल्य देणारं दुसरं शिक्षण आपल्याकडे नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्थापत्य अभियंत्याचं काम बऱ्याच अंशी धुळीत आणि उन्हात असतं. स्लॅब भरायच्या आधी सळया नकाशाप्रमाणे बांधल्या आहेत का ते तपासायचं, सेंट्रिंग हलत नाही ना ते बघायचं, काँक्रीटचे दीडशे मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवायचे आणि सात व अठ्ठावीस दिवसांनी ते चेपून त्यांची ताकद बघायची. मुकादम वयाने दुप्पट असतो आणि ‘साहेब, आम्ही असंच करत आलोय’ म्हणतो. त्याचा मान राखून चुकीचं काम उकलायला लावणं हे अभियांत्रिकीच्या पुस्तकात नाही.

माहिती तंत्रज्ञानाविषयी थोडक्यात. हिंजवडीला जाणाऱ्या बहुतेक मुलांना वाटतं की आपण नवं काही घडवणार. पहिली कित्येक वर्षं दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात, त्यातला दोष शोधण्यात, चाचण्या करण्यात आणि चालू यंत्रणा बंद पडू नये म्हणून पहारा देण्यात जातात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, त्यामुळे तिथल्या सकाळच्या बैठकीला इथे रात्रीचं जेवण राहून जातं. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे साधा कोड आता यंत्रही लिहून देतं. ग्राहकाची अडचण समजून घेणं आणि लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे ओळखणं यांचं वजन त्यामुळे वाढत जाणार.

व्यापारी जहाजावरच्या नोकरीचं स्वप्न कोकणात आणि मुंबईत अनेक घरांत आहे. जहाजाच्या ब्रिजवर चार तास पहारा आणि आठ तास सुटी, असं दिवसातून दोनदा. पारंपरिक रिवाजाप्रमाणे आठ ते बारा थर्ड ऑफिसर, बारा ते चार सेकंड, चार ते आठ चीफ ऑफिसर. कॅडेट मात्र सुरुवातीला गंज खरवडत आणि रंग लावत असतो. कंत्राटाचे महिने संपेपर्यंत घरी लग्न असो की मृत्यू, येणं कठीणच. पगार चांगला असतो, आणि म्हणूनच फसवणारेही फार. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का हे आधी पाहावं. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमाविरुद्ध आहे. लाखो रुपये मागणारा एजंट कितीही ओळखीचा असला तरी त्याला दारातूनच परत पाठवावं.

शिक्षकाचं काम सगळ्यांनी जवळून पाहिलेलं असतं, निदान तसं वाटतं. विद्यार्थ्याला दिसते ती एक बाजू. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसवून पहिलीला अक्षरं आणि चौथीला अपूर्णांक एकाच वेळी शिकवायचे, पोषण आहाराचा हिशेब लिहायचा, यूडायसची माहिती भरायची, निवडणुकीच्या याद्या करायच्या, ही दुसरी बाजू. या जागेपर्यंत पोचायला डीएलएड, टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवरची प्रतीक्षा, आणि निवड झाल्यावर तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकचं मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून १६,००० रुपये झालं. मुलाला वाचता येऊ लागल्याचा क्षण दरवर्षी नव्याने अनुभवायला मिळतो म्हणून या नोकरीत टिकलेले शिक्षक मला भेटले आहेत. एवढ्यासाठी माणूस बाकीचं सगळं सोसतो, हे कळल्याशिवाय या पेशाचं मोल कळत नाही.

एवढ्या पेशांकडे पाहिल्यावर माझं म्हणणं असं बनतं की निवड करताना गुणांच्या आणि पॅकेजच्या आधी चार-पाच साधे प्रश्न विचारावेत. दिवसातला किती वेळ माणसांशी, किती कागदाशी, किती यंत्राशी? घड्याळ कुणाचं, आपलं की रुग्णाचं, अशिलाचं, परदेशी ग्राहकाचं? सही कशाखाली करावी लागते? शिकाऊ वर्षं किती आणि त्या वर्षांत घर कोण चालवणार? पंधरा वर्षांनी याच कामाचं रूप काय होतं, कारण अनेक पेशांत बढती म्हणजे आवडतं काम सोडून इतरांवर देखरेख करणं. त्या पेशातल्या माणसाला ‘कसं आहे क्षेत्र?’ असं विचारू नये, तो भाषण देईल. ‘गेल्या मंगळवारी दिवसभर काय काय केलंत?’ असं विचारावं. हे काम सोडून गेलेला एखादा माणूस गाठावा आणि तो का गेला तेही ऐकावं.

पाहण्याच्या जागाही वाटतात तितक्या बंद नाहीत. न्यायालयाचं कामकाज खुलं असतं, मागच्या बाकावर शांत बसायला कुणी सहसा हरकत घेत नाही. ग्रामसभेला जाऊन बसता येतं. आयटीआयचे प्राचार्य कार्यशाळा दाखवायला बहुधा आनंदाने तयार होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या हाताखाली घालवायची कल्पना आहे. ती शाळांनी सहलीवर भागवू नये. आणि माझ्या मते तिची सर्वांत मोठी गरज दहावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत आहे. ते दिवस आज बहुतेक घरांत पुढच्या क्लासच्या ‘फाउंडेशन बॅच’मध्ये जातात.

म्हणून एक विनंती. तुम्ही वकील असाल, परिचारिका, सेटर, ग्राम महसूल अधिकारी, लेखापाल किंवा शिक्षक असाल, तर या उन्हाळ्यात तुमच्या ओळखीतल्या एका मुलीला किंवा मुलाला, आईवडिलांना विचारून आणि जिथे सुरक्षित आणि शक्य असेल तिथे, चार-पाच दिवस तुमच्याबरोबर घेऊन जा. त्यांच्याकडून काम करून घेऊ नका. तुमचं काम बघू द्या, कंटाळवाणं सुद्धा, आणि पगार विचारला तर खरा आकडा सांगा.